'आउच' कुठून आला?

प्रिय दादा,

तुला जाऊन वर्ष झालं आणि पत्र आज लिहितोय, कारण तुझ्या बेसमेंटमधली शेवटची कॅसेट आज दुपारी ऐकली. ऐकायला नको होती रे!

शिकवायचास केमिस्ट्री, पण जीव सगळा शब्दांत. पेनसिल्व्हेनियात येऊन तू रविवारी शेजारच्या गावातल्या अ‍ॅनाआजीच्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर घेऊन बसायचास. ठेच लागली की सगळी अमेरिका 'आउच' म्हणते, तो शब्द आजीच्या पूर्वजांनी त्यांच्या जर्मन बोलीतून इथे आणला असावा, असं तुझं म्हणणं. मी चिडवायचो, "दुखलं तर ओरडायलाही यांना उसनं लागतं होय!"

कॅसेटमध्ये आजी सांगतेय, तिचे आजोबा बोट चेपलं की 'आउत्श' म्हणायचे. मग ती एकदम थांबते. "प्रोफेसर, यू आर स्वेटिंग."

"नथिंग, नथिंग. जस्ट गॅस. यू गो ऑन, प्लीज."

आणि मागून माझा आवाज येतो, दादा. "घरी गेल्यावर ओवा घे." एवढंच!

डॉक्टर मित्राला सुट्टीच्या दिवशी कशाला त्रास, असं गाडीत तू म्हणालास आणि मीही मान डोलावली. बुधवारी तू गेलास. दुखण्याचा शब्द इतका शोधलास आणि स्वतःला दुखतंय हे एकदाही बोलला नाहीस! का रे? मोठा भाऊ म्हणून?

राग येतो तुझा. माझा त्याहून जास्त.

आता खरं सांगतो. मंगळवारपासून माझा डावा हात जड होतोय. मघाशी कॅसेटचा खोका घेऊन वर निघालो, तर तिसऱ्याच पायरीवर बसावं लागलं. वहिनीने वरून विचारलं, "काय झालं हो भाऊजी?"

तोंडातून निघालं, "काही नाही, गॅस." अगदी तुझ्यासारखं.

घरातला ओवा तिने मागच्या वर्षीच फेकून दिलाय. मघापासून दर थोड्या वेळाने जिन्याच्या दाराशी येते, खाली बघते, जाते. मी खाली टेबलाशी बसून हे लिहितोय, आणि ती आत्ता पुन्हा आलीय. या वेळी जात नाहीये. दादा, मला घाम फुटलाय.

वचन देतो, तुझं ऐकणार नाही. सही केली की वर बघून तिला सांगतो, "वहिनी, दुखतंय. गाडी काढ."

तुझा,
बाळ