पेन्शनच्या हप्त्यातून निघणारी खोली

२ एप्रिल
नवं टॅक्स-वर्ष चार दिवसांवर. ताईच्या घरातली मागची खोली सोडून स्वतःची घ्यायची, हे ठरलं. डिपॉझिट चोवीसशे पौंड. पगारातून बाजूला टाकत बसणं हा बाळबोध मार्ग. मी पेन्शनचा हप्ता दोनशेचा आठशे करते आहे.
हिशोब असा: मी महिन्याला आठशे भरायचे. त्यावर कापलेला वीस टक्के टॅक्स सरकार फंडात परत घालतं. आठशेचे हजार होतात. मी चाळीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. म्हणजे उरलेले वीस टक्के रिटर्न भरला की मला रोख. वर्षाच्या बारा हजारांवर चोवीसशे. बरोबर डिपॉझिट. एक्सेल दोनदा तपासलं. दिवसभर मी वजनकाटे तपासते. आकडे मला चकवत नाहीत.

५ एप्रिल
हप्ता बदलायचा फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस. पगारविभागातल्या बाईंनी विचारलं, एवढा एकदम? आता वर्षभर बदलता येणार नाही, नीट बघितलंय ना? मी शीट दाखवते म्हटलं. त्यांना वेळ नव्हता.

३० जून
हातात सहाशे कमी. घरखर्चातला माझा वाटा दोनदा उशिरा दिला. दाजींनी जेवताना विचारलं, प्रमोशन झालं म्हणालीस ते वर की खाली? मी त्यांना टॅक्सची सवलत पहिल्यापासून समजावली. त्यांनी पाणी मागितलं.

१९ सप्टेंबर
ताईला दिवस गेलेत. तारीख मे महिन्यातली. ती माझ्या पलंगामागची भिंत टेपने मोजत होती. मीच सांगितलं, एप्रिलअखेर निघते. ती रडली. मग रंग कुठला द्यावा, विचारलं.

१४ डिसेंबर
खोली पाहिली. साडेनऊ बाय अकरा. टेबल बसतं, खिडकीचं दारही पूर्ण उघडतं. एप्रिलअखेर पैसे देते म्हटल्यावर घरमालकीणबाई म्हणाल्या, लिहून द्या. दिलं.

८ एप्रिल
रिटर्न भरला. परताव्याच्या रकान्यात चारशे. साइट बिघडली असावी. पुन्हा भरला. चारशे.

९ एप्रिल
पगारविभागातल्या बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं. माझा वर्षाचा पगार बावन्न हजार. चाळीसचा स्लॅब पन्नास हजारांच्या वर. म्हणजे चाळीस टक्के फक्त वरच्या दोन हजारांना लागतात, सगळ्या पगाराला नाही. जास्तीचे वीस टक्के परत मिळतात तेही तेवढ्यावरच.
"जुना हप्ता ठेवला असतात तरी हेच चारशे आले असते," म्हणाल्या.
शीटमध्ये चूक नाही. एक गृहीतक चुकलं. हप्ता कमी करायचा फॉर्म मागितला. मुदत चार दिवसांपूर्वी संपली; आणखी वर्षभर हाच हप्ता.

२७ एप्रिल
दाजींनी पाकिटाच्या मागे गणित केलं. सहाशे गुणिले चार. गेल्या जुलैअखेरच डिपॉझिट हातात असतं. मी म्हटलं, पैसे बुडालेले नाहीत, फंडात आहेत, वाढतायत. कधी मिळतील, त्यांनी विचारलं. साठाव्या वर्षी. मला अठ्ठाविसावं चालू आहे. त्यांनी पाकीट घडी करून खिशात घातलं आणि विषय बदलला. चिडले असते तर बरं झालं असतं.
घरमालकीणबाईंचा फोन. खोली दुसऱ्या कुणाला दिली.

१६ मे
गेल्या आठवड्यात मुलगी झाली. मागच्या खोलीत ताई आणि ती. मी हॉलमधल्या कोचावर. कोच पाच फूट, मी पाच-चार. फरक सोसण्याइतका आहे.
संध्याकाळी ताईने बोलावून घेतलं. बाळ खांद्यावर होतं, म्हणून हळू बोलली. "तुला जा म्हणत नाही गं. पण ह्यांना पहाटे हॉलमधूनच जावं लागतं. कधीपर्यंत, तेवढं सांग."
मी पगार, हप्ता, भाडं, डिपॉझिट मनात मांडलं. दोनदा तपासलं.
"बघू," म्हटलं.