गाळलेला सूर

आबा, परवा आमच्या घरात टीव्हीवरून भांडण झालं आणि मला तुमची आठवण आली. परदेशातला कुठलासा जुना गिटारवाला बँड. त्यातले निम्मे वारले, उरलेले थकले, म्हणून नव्या पोरांनी त्यांची गाणी वाजवून त्यांना मानवंदना दिली, तो कार्यक्रम. माझा मुलगा कॉलेजात असल्यापासून त्या बँडचा वेडा. पाच मिनिटांत तो उठला आणि म्हणाला, ‘वाट लावली.’ नातीला मात्र नव्यांचंच आवडलं. तिच्या मते जुन्यांना धड गाताही येत नव्हतं. मग बापलेकीची जुंपली. मोबाईलवर जगभरचे लोकही तस्सेच भांडताहेत, हे तिने मला वाचून दाखवलं. गाण्यातलं मला एक अक्षर कळलं नव्हतं, पण भांडण ओळखीचं होतं. नात म्हणाली, ‘आजी, तू सांग, कोणाचं बरोबर?’ मी म्हणाले, मला नको विचारूस, आणि भाजी बघायला आत निघून गेले. भाजी केव्हाच झाली होती.

तुम्हाला तो दिवस सांगायची गरज नाही, पण मला सांगायचा आहे. दुष्काळ नुकता सरला होता. दोन वर्षं गावात बँड लावून एकही लग्न झालं नव्हतं. बँडचे मास्तर दुष्काळातच गेले, आणि तुम्ही नि ढोलवाले काका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतात. घरी आलात की कोमट पाण्याच्या तांब्यात बोटं बुडवून बसायचात. आई चुलीपुढून म्हणायची, ‘त्या बोटांनी आता काय वाजिवनार तुमी?’ तुम्ही म्हणायचात, ‘बोटं हायेत तवर वाजंल.’ मग पाऊस झाला, ज्वारी उभी राहिली, आणि येत्या लग्नसराईला बँड पुन्हा उभा करायचा, मास्तरांच्या जागी तुम्ही राहायचं, असं तुमचं नि काकांचं घाटू लागलं. गावाला आपला बँड अजून हवा आहे का, एवढंच कळायचं बाकी होतं. तुम्ही ते कुणाला विचारत नव्हता, पण संध्याकाळी क्लॅरोनेट पेटीतून काढून पुसून पुन्हा ठेवत होता.

त्यात ती बातमी आली. मास्तरांची कधीकाळी निघालेली तबकडी मुंबईतल्या कुणा संगीतवाल्याने ऐकली होती, आणि त्यांना श्रद्धांजली म्हणून तिकडच्या वादकांकडून आपल्या बँडच्या चाली टीव्हीवर वाजवून घेणार होते. गावात टीव्ही एकच, डॉक्टरांचा. त्यासाठी त्यांनी गच्चीवर तीस फुटी पाइप उभा केला होता. कंपाउंडरने वर जाऊन तो पाइप फिरवायचा, खालून सगळ्यांनी ‘आलं, आलं, ऱ्हाऊ द्या’ म्हणून ओरडायचं, आणि नशीब असलं तर पुण्याकडून चित्र यायचं. त्यातही मुंग्याच जास्त.

संध्याकाळ आहे. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मुंगी शिरायला जागा नाही. गुरुजी खुर्चीवर आहेत आणि मी बरोब्बर त्यांच्या पायाशी. सातवीनंतर मला नगरच्या मुलींच्या वसतिगृहात घेतील की नाही हे गुरुजींच्या चिठ्ठीवर आहे, आणि मला ते दर क्षणाला ठाऊक आहे. तुम्ही नि काका दाराशी, चपलांजवळ बसला आहात. डॉक्टर म्हणतात, ‘अहो, तुमचाच कार्यक्रम, पुढे या.’ तुम्ही म्हणता, ‘हितंच बरं हाय.’ मला त्या चपलांची लाज वाटते आहे. खरं म्हणजे चपलांजवळच्या तुमचीच वाटते आहे. आता झाकून काय करायचं.

पडद्यावर मास्तरांचा हार घातलेला फोटो आला. निवेदिकेने त्यांचं नाव घेतलं आणि ‘त्यांचे इतर साथीदार’ म्हणाली. काका तुमच्याकडे झुकून म्हणाले, ‘इतर म्हंजी आपुन.’ तुम्ही हसलात. मग कोट घातलेले वादक खुर्च्यांवर बसून, समोर कागद ठेवून वाजवू लागले. आपला बँड कधी बसून वाजल्याचं मला आठवत नाही. दोन चाली झाल्या. लोक खूश होते, टोप्यासुद्धा सगळ्यांच्या सरळ आहेत असं कुणी म्हणालं. आणि मग पाठवणीची चाल सुरू झाली.

ती चाल गावातल्या प्रत्येक बाईच्या पोटात होती. नवरीला पोचवायला बँड वेशीपर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. वेशीबाहेर आपला बँड वाजत गेला नाही कधी. ढोल बंद व्हायचा, बाजे खाली व्हायचे, आणि गाडी पुढे निघाली की तुम्ही एकटे वाजवायचात. त्या एकट्या वाजवण्यात एका ठिकाणी सूर चढत चढत यायचा आणि जिथे पोचायचा तिथे काहीच नसायचं. एवढीशी जागा रिकामी जायची, मग तुम्ही खालून पुन्हा उचलायचात. बायका त्याला हुंदका म्हणायच्या. तिथवर पदर तोंडाशी धरून उभी असलेली नवरीची आई नेमकी तिथेच मोडायची. टीव्हीवरच्या माणसाने ती जागा भरून काढली. सूर चढला, पोचला आणि स्वच्छ लागला.

मळ्यातल्या आजी सतरंजीवरून उठल्याच. चार लेकी त्यांनी त्याच वेशीतून दिल्या होत्या. म्हणाल्या, ‘ह्ये आपलं न्हाई. हुंदका कुटं गेला त्यातला?’ गुरुजी म्हणाले, ‘आजी, आज सूर पुरा लागला. आपल्या बँडचा तिथे कच्चा राहायचा.’ ‘कच्चा कसा? चार डाव रडलीय मी त्याच्यावर.’ मग जो तो बोलू लागला. निम्म्यांना मुंबईची सफाई आवडली होती. निम्मे म्हणत होते, कोट घातले म्हणून चाल येते व्हय. डॉक्टरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि दाराकडे वळून तुम्हाला विचारलं, ‘तुम्हीच सांगा. तुमचं बरोबर की त्यांचं?’

तुम्ही बोलायला तोंड उघडलं होतं. ते मी पाहिलं होतं. तरी मी उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, ‘हुंदका वगैरे काही नव्हता. क्लॅरोनेटवरची बोटाने दाबायची एक चावी मोडली होती. आबांनी ती दोऱ्याने बांधली होती, म्हणून तो सूर निघतच नव्हता. मी स्वतः पाहिलंय.’ मी खरंच पाहिलं होतं, सहा-सात वर्षांची असताना. तो काळा दोरा, चावीची तुटलेली स्प्रिंग, तुमच्या दातांत धरलेलं दोऱ्याचं टोक. खोलीत हसं फुटलं. कुणी म्हणालं, ‘दोऱ्यापायी रडल्या की वो समद्या बाया.’ गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘शाबास. चारचौघांत खरं बोलायला धाडस लागतं.’ डॉक्टरांनी विचारलं, ‘खरं का हो हे?’ काका काहीतरी बोलायला पुढे सरकले, आणि तुम्ही त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवलात. माझ्याकडे पाहिलंत, गुरुजींकडे पाहिलंत, आणि म्हणालात, ‘व्हय. पोरगी खोटं कशाला बोलंल?’ मळ्यातल्या आजी चप्पल शोधत होत्या. त्यांनी तुमच्याकडे बघितलंही नाही.

घरी जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, ‘फुडच्या टायमाला मला आदी इचार.’ आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी तुमच्याशी भांडले तरी असते. गुरुजींची चिठ्ठी आठवड्याच्या आत मिळाली. बँडलाही सुपाऱ्या आल्या. पहिल्या लग्नाच्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती, नवरीला पोचवायला मीही वेशीपर्यंत चालत आले. ढोल थांबला. तुम्ही एकटे वाजवू लागलात, सूर चढत गेला, मी त्या रिकाम्या जागेची वाट बघत होते, आणि तिथे सूर लागला. अगदी टीव्हीवरच्यासारखा. ‘चावी बसिवली जनू,’ असं म्हणून लोकांनी माना डोलावल्या. नवरीची आई रडत होती, पण ती सकाळपासूनच रडत होती. तुम्ही क्लॅरोनेट काखेत घातलं आणि घराकडे वळलात. त्यानंतर जेवढी वर्षं वाजवलंत, सूर पुरा वाजवलात. मला वाटायचं, माझ्यामुळे आबांचं वाद्य एकदाचं दुरुस्त झालं.

तुम्ही गेल्यावर दहाएक वर्षांनी, एका लग्नात, मांडवाबाहेर ढोलवाले काका भेटले. थकले होते, ऐकू कमी येत होतं. समोर कुठला तरी बँड कर्ण्यातून सिनेमातलं वाजवत होता. मी मोठ्याने, अगदी कौतुकाने, त्या दोऱ्याची गोष्ट काढली. काका म्हणाले, ‘तुला अजून त्येच वाटतंय? अगं, चावी दुष्काळाच्या कितीतरी आदी बसिवली हुती. मीच संगं गेल्तो नगरला.’ मी म्हणाले, मग सूर? ‘सूर त्यो मुद्दाम सोडायचा. चावी मोडली त्या दिशी एका लग्नात त्यो सूर निघंना, म्हनून जागा रिकामी गेली. तर नवरीची आई तितंच खाली बसली. तवा मला म्हनला, ही जागा आपली न्हाई, त्या बाईची हाय, हिच्यात वाजवायचं न्हाई.’ मी विचारलं, मग त्या दिवशी डॉक्टरांकडे का नाही बोलले? काका म्हणाले, ‘मी बोलत हुतो. त्यानंच अडिवलं. दुसऱ्या दिशी मला म्हनला, गुर्जींफुडं पोर खोटी पडली आसती.’ मग म्हणाले, ‘आन् एकदा हसं झाल्यावर ती जागा सोडली आसती, तर लोक म्हनले आसते, पुन्यांदा चावी मोडली.’

आबा, मी त्या मांडवात जेवले नाही. माझा राग आधी तुमच्यावरच निघाला. तुम्ही एका वाक्याने मला गप्प करू शकला असता. मी रडले असते, दोन दिवस रुसले असते, गुरुजींनी कदाचित तरीही चिठ्ठी दिली असती. एका चिठ्ठीसाठी तुम्ही आयुष्यात केलेली एकुलती एक नवी गोष्ट मोडून टाकलीत, आणि मला कळूही दिलं नाही. मग राग फिरून जिथे यायचा तिथे आला. तुम्ही तोंड उघडलं होतं. मी पाहिलं होतं. मला थांबता आलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. नातीने विचारलं तर घरखर्चाचं काहीतरी लिहीत होते म्हणून सांगेन. पण एक गोष्ट लिहायची राहिली आहे, आणि ती लिहिली नाही तर वरचं सगळं नुसतं रडगाणं होईल. गुरुजींच्या त्या चिठ्ठीवर मी शिकले आणि पुढे स्वतः शिक्षिका झाले, हे तुम्ही पाहिलंत. दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला मी डॉक्टरांच्या खोलीतली गोष्ट सांगायची. सगळा गाव एका बाजूला, आणि न घाबरता खरं बोलणारी एक मुलगी. मुली टक लावून ऐकायच्या. काका भेटले ते लग्न मे महिन्यातलं. पुढच्या जूनला मी वर्गात गेले, मुली शांत बसल्या, आणि मी ती गोष्ट जशीच्या तशी सांगितली. निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले. त्या गोष्टीत मी फार चांगली दिसते, आबा.