पूजेतलं काडतूस

२० ऑगस्ट २००६, रविवार

गणपतीतल्या भाषणाची सुरुवात ठरली:

"प्लेनोतल्या माझ्या मराठी माणसांनो, आपल्या घरांवर पाळत असते. आपण सुट्टीत भारतात गेलो की मागे घर फुटतं. चोराला पक्कं ठाऊक आहे, देशी घरात सोनं असतं आणि देशी माणूस अंगावर येत नाही. पोलीस येतात, लिहून घेतात, जातात. आपण कुलूप बदलतो आणि गप्प बसतो. किती वर्षं गप्प बसायचं?"

उषाला वाचून दाखवलं. म्हणाली, "पुढचं सगळ्यांना पाठ आहे. तू बंदुकीवर येणार आणि बायका चहा बघायला उठणार."

उठू देत. परक्या देशात स्वतःच्या दाराचं रक्षण स्वतः करायला शिकणं, यात लाजण्यासारखं काय आहे?

२७ ऑगस्ट, रविवार

भाषण झालं. बायका उठल्या. पुरुष बसले, पण निम्मे वर्क व्हिसावर, त्यांना बंदूक घेताच येत नाही. टाळ्या वाजवण्यापलीकडे काय करणार.

नंतर प्रसाद आला. सनीव्हेलला एका खोलीत राहायचो तेव्हापासूनचा हा एकच मित्र मला अरेतुरे करत भांडतो. "वक्ते, तुझ्या आवाजानंच चोर पळेल, बंदूक कशाला?" गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आल्यावर त्याने एक जुनं रिव्हॉल्वर घेतलंय. चाप फार जड, ओढताना नेम हलतो. "बघ काही करता आलं तर."

त्याचे वडील, नाना, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. ऐंशीला टेकलेत, पाठ ताठ. मला म्हणाले, "छान बोलता. आमच्याकडे असतात तर निवडून आला असता."

९ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून गॅरेजमध्ये. दार उघडं ठेवलं तर भट्टी, बंद ठेवलं तर जास्त भट्टी. प्रसादचं रिव्हॉल्वर खोललं. आत वर्षानुवर्षांचं तेल गोठून काळा डिंक झालेला. स्क्रूच्या खाचा कुणा अडाण्याने वेड्यावाकड्या केलेल्या. वस्तू मात्र सुंदर. कुणीतरी हाताने घासून बसवलेले भाग एकमेकांत असे बसतात की केस जाणार नाही.

आठवडाभर ऑफिसात मी जे करतो ते हातात धरता येत नाही. हे येतं.

माझा नियम प्रसादला पुन्हा ऐकवला: हत्यार टेबलावर, तर काडतूस त्या खोलीत नाही. "हो गुरुजी," म्हणाला.

१६ सप्टेंबर, शनिवार

स्प्रिंग बदलली. घासणारे भाग पॉलिश केले. चाप आता लोण्यासारखा. प्रसाद रिकामं रिव्हॉल्वर भिंतीकडे धरून पुन्हापुन्हा ओढत होता, लहान मुलासारखा. "यार, तू नोकरी सोड आणि दुकान काढ."

उषा दारात. "दुकान काढलं तर मी पुण्याला जाते."

१ ऑक्टोबर, रविवार, खंडेनवमी

शस्त्रपूजा आमच्या गॅरेजमध्ये. पाटावर लाल कापड, माझी रायफल, प्रसादचं रिव्हॉल्वर, बाजूला ड्रिल, पाने, कानशी. पाटावर ठेवण्याआधी दोन्ही हत्यारं मी उघडून बघितली. रिकामी.

काडतुसांची डबी प्रसादने आणली होती. मी नको म्हटलं. नाना म्हणाले, "बाणाशिवाय धनुष्य पुजतात का? आणि रिकाम्या हत्याराला कुंकू कसलं लावायचं? आपण शेजाऱ्याचं भांडंसुद्धा रिकामं परत करत नाही." सगळे हसलो. डबी पाटावर ठेवली. पूजा सांगायला नाना एकटे पाटाशी, आम्ही नैवेद्याची ताटं आणायला आत.

पुजलेल्या हत्याराला उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक. कुणी लावला नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

काल दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी. सकाळी यावर एक विनोद सुचला होता. आता आठवत नाही.

संध्याकाळी प्रसाद, त्याची बायको मेधा आणि नाना सोनं द्यायला आले. पाट हलवायचा होता. रिव्हॉल्वर उचलून मी प्रसादच्या हातात दिलं. "घे, रिकामं आहे."

तो स्टुलावर बसलेला. मेधाला दाखवत होता, चाप किती मऊ झालाय. दोनदा नुसता टक् आवाज. तिसऱ्यांदा

डाव्या गुडघ्यात.

उषाने लाल कापड ओढून काढलं आणि त्याच्या मांडीला घट्ट बांधलं. अक्षता सगळ्या जमिनीवर. मेधा फोनवर पत्ता सांगत होती, मध्येच मराठीत, मध्येच इंग्रजीत. मी रिव्हॉल्वर उघडलं. गोळ्यांची पाच घरं रिकामी. सहाव्यात उडालेलं काडतूस, त्याच्या बुडावर बोटाच्या टोकाएवढा लाल डाग.

कुंकू.

मान वर केली. नाना भिंतीला टेकून उभे. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली.

पोलिसाला तो डाग रक्ताचा वाटला. मी दुरुस्ती केली नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

पाय गुडघ्याच्या वरून काढला. मेधाने फोनवर सांगितलं, आवाज सपाट. मी येऊ का विचारलं. "नको."

८ ऑक्टोबर, रविवार

इथल्या मराठी मंडळात निकाल लागला. वक्त्याने चाप हलका केला, म्हणून गोळी सुटली. देशपांडे काकूंनी उषाला दुकानात गाठून सांगितलं, "आम्ही तेव्हाच म्हणत होतो. पुस्तकं वाचून हत्यारं दुरुस्त होतात का?"

चाप हलका मी केला. काडतूस मी घातलं नाही. दोन्ही खरं. पण एकच खरं गावभर फिरतंय.

१४ ऑक्टोबर, शनिवार

न विचारता हॉस्पिटलात गेलो. प्रसाद जागा होता. पांघरूण एका बाजूला सपाट. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू रिकामं म्हणालास. मी तुझ्या शब्दावर ओढला रे." एवढंच. मग खिडकीकडे तोंड केलं.

बाहेर बाकावर नाना. खूप खचलेत. पाठ ताठ नाही. मी शेजारी बसलो. समोर एक बाई यंत्रातून कॉफी काढत होती, तिची नाणी परतपरत बाहेर पडत होती. शेवटी नाना म्हणाले, "बोला ना. तुम्ही तर बोलणारे."

मी त्या नाण्यांकडे बघत राहिलो.

"तो विचारतो मला, नाना, तुम्ही होता ना तिथे, त्याने नीट बघितलं होतं का? मी काय सांगू?"

"काय सांगितलंत?"

नानांनी हात उघडून तळव्याकडे बघितलं.

२२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी नाही केली. आज उषाला कुंकवाचं सांगितलं. ती बराच वेळ भांडी विसळत राहिली.

"मग सांग सगळ्यांना. तुझं नाव का जावं?"

"प्रसादला काय सांगू? पाय गेला, आता बापही गेला?"

"आणि त्याला खोट्यावर जगू दे? वीस वर्षं तू स्टेजवर सत्य सत्य ओरडतोस."

ती बरोबर आहे. मीही बरोबर आहे. आणि तिसरी गोष्ट, जी तिने म्हटली नाही: नानांनी काडतूस घातलं, पण काडतुसं खोलीत मी येऊ दिली. सकाळी बघितलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी न उघडता दिलं, कारण ते पाटावर होतं, आणि पाटावरचं कुणी शिवत नाही असं मी धरून चाललो. नियम सांगणारा मी. मोडणाराही मी.

यातून नाना सुटतात का? नाही. मी सुटतो का? त्याहून नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

उद्या मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. अध्यक्षांना मी बोलायला नको होतो. दहा मिनिटं भांडून घेतली. मेधा येणार म्हणे, नानांना घेऊन. पुढच्या आठवड्यात त्यांचं विमान.

नाना समोर बसलेले असतील. कुंकवाबद्दल बोलायचं की नाही, अजून ठरत नाही. उषा म्हणते, त्यांच्या तोंडाकडे बघ आणि मग ठरव. प्रसादला हे कुणी सांगायचं असेल तर ते नानांनी, असं मला वाटतं. पण विमान सुटलं की मग कोण सांगणार?

एवढं मात्र नक्की बोलणार:

"प्लेनोतल्या माझ्या मराठी माणसांनो, हत्यार घ्या असं याच जागेवरून मी तुम्हाला सांगितलं. काहींनी ऐकलं. त्यांच्यासाठी आज एकच सांगणं. इथून घरी जा. फराळाला बसण्याआधी, कपडेसुद्धा बदलण्याआधी, तुमचं हत्यार बाहेर काढा. नळी मोकळ्या जमिनीकडे धरा, बोट चापापासून लांब ठेवा, आणि उघडून प्रत्येक घरात डोळ्यांनी बघा. ते देवापुढे होतं म्हणून सोडू नका. काल बघितलं होतं म्हणून सोडू नका. मी रिकामं म्हणालो म्हणून तर मुळीच सोडू नका. आज उघडा, आणि स्वतः बघा."