न भिजलेल्या कॅसेटी

प्रिय अप्पा,

काल सकाळी नरसम्मा माझ्या दारात येऊन उभी राहिली. काखेत चार जुने टॉवेल, हातात सुताची दोरी. म्हणाली, "बसू, कॅसेटी कुटं हायत? आण. वाळवू."

मी दारातच थिजलो. ती गेल्यापासून हे पत्र लिहायला बसतोय, फाडतोय, पुन्हा बसतोय. दुसऱ्या कुणापुढे तोंड उघडायची हिंमत नाही म्हणून तुम्हाला लिहितोय. तुमच्यापुढे तरी कुठे होती म्हणा!

नरसम्मा म्हणजे यल्लप्पा रंगाऱ्याची बायको. यल्लप्पा आठवतो ना? सुताला रंग द्यायचा तो. कोपरापर्यंत निळे हात घेऊन आपल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात तुमच्यासमोर येऊन बसला होता आणि ते लपवायला जागा शोधत होता. "घासून आलो की अप्पा, पण हे जात न्हाईत," म्हणाला होता. तुम्ही त्याचे दोन्ही हात धरून टेबलावर ठेवलेत आणि मला खूण केलीत, आधी कॅमेऱ्यात हात दाखव. तो यल्लप्पा तीन वर्षांपूर्वी गेला.

पण नरसम्मा टॉवेल घेऊन का आली, ते सांगतो. सांगायलाच बसलोय.

तुमच्या शोकसभेला शाळेचं सभागृह पुरलं नाही, अप्पा. आपला 'बसा की' हा कार्यक्रम बंद होऊन आठ वर्षं झाली, ती केबलवाहिनीही उरली नाही, तरी माणसं दारापर्यंत उभी होती. विड्या वळणाऱ्या बायका हातातली सुपं बाजूला ठेवून आल्या होत्या. रिक्षावाले आले होते, मार्केटातले हमाल आले होते. माझ्या मागच्या रांगेत दोन म्हाताऱ्या तुमची नक्कल करत होत्या. एक काहीतरी सांगायची आणि दुसरी मान तिरकी करून म्हणायची, "मग?" आणि दोघी डोळे पुसायच्या.

काय होतं हो तुमच्यात? दिसायला तुम्ही बेताचे. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत घसरायचात. आता तर जो उठतो तो मोबाइल लावून मुलाखती घेतो, पण समोरच्याचं ऐकतो कोण? तुम्ही तीस वर्षं चादरीच्या दुकानात गादीवर बसलेले. गिऱ्हाईक बोलतंय तोवर आपण घडी उलगडत राहायची, मधे तोंड घालायचं नाही, ही तुमची विद्या. रात्री साडेदहाला टीव्हीवर बसून तुम्ही तेच करत होतात. समोरचा थांबला की दुसरा कुणीही घाबरून नवा प्रश्न टाकेल. तुम्ही म्हणायचात, "मग?" आणि वाट बघायचात. मला कॅमेऱ्यामागे घाम फुटायचा. वाटायचं, लोक उठून जातील टीव्हीपुढून! पण कुणी उठायचं नाही. आणि मग तो माणूस जे बोलायचा, ते त्यानं घरीसुद्धा कधी सांगितलेलं नसायचं.

तो पुढारी आठवतो? प्रश्न लिहून घेऊन आला होता. तुम्ही तो कागद नीट वाचलात, घडी घालून खिशात ठेवलात आणि विचारलंत, "साहेब, आई कुटं असते तुमची?" तो भाषण विसरला. शेवटी गावाकडं एकट्या राहणाऱ्या आईबद्दल बोलता बोलता रुमाल शोधायला लागला. दुसऱ्या दिवशी मंडईत सगळ्यांच्या तोंडी तेच.

असं तुमचं सगळं माझ्या ताब्यात होतं, अप्पा. एकेक कॅसेट, पाठीवर माझ्या अक्षरात नाव लिहिलेलं. माझ्या ऑफिसातलं ते हिरवं लोखंडी कपाट भरून.

सभेत निवेदकानं मला न विचारताच जाहीर केलं, "आता आपले बसूभाऊ अप्पांचे जुने भाग पडद्यावर दाखवतील." टाळ्या! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "ऑफिसात पावसाचं पाणी शिरलं होतं. सगळ्या कॅसेटी भिजल्या."

बोललो. तोंड वर करून बोललो.

सभागृहात नुसतं "अरेरे" झालं. लोक उठून माझ्याजवळ आले. कुणी पाठीवर हात ठेवला. एक जण म्हणाला, "जीव लई लावला हुतास तू, तुला किती लागलं असंल." आणि मी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

पाणी कुठलं आलंय, अप्पा! एक कॅसेट भिजली नाही. मी त्या पुसल्या. माझ्या हातानं, एकेक करून, त्यांच्यावर लग्नं भरली.

सुरुवात एका लग्नसराईत झाली. सकाळी एका लग्नाच्या शूटिंगला निघालो तर कोरी कॅसेट नव्हती. बाजारात जाऊन आणायचा कंटाळा आला, एवढंच. कपाट उघडलं आणि तुमची एक जुनी कॅसेट उचलली. म्हटलं, हा भाग दाखवून झालाय, आता कोण बघतंय परत? पहिल्या वेळी हात जरा थबकला. दुसऱ्या वेळी थबकला नाही. पुढे तर सवयच झाली. कपाटात बाहेरून तुमचे पाहुणे ओळीनं उभे, आणि आत सगळे नवरदेव घोड्यावर!

तुम्हाला हे माहीत होतं का?

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा, शेवटच्या आठवड्यात, मला विचारलंत, "बसू, कॅसेटी नीट हायत न्हवं?" मी म्हणालो, "आहेत की अप्पा. कपाटात." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मान तिरकी केलीत. म्हणालात, "मग?"

आणि वाट बघत राहिलात.

सोळा वर्षं मी तो शब्द कॅमेऱ्यामागून ऐकला होता. त्याच्यापुढे कंडक्टर उघडे पडले, फौजदार उघडे पडले, तो पुढारीसुद्धा. मी एकटाच निसटलो. "औषध आणतो," म्हणालो आणि उठलो. खाली जाऊन उगीचच उसाचा रस प्यायलो. परत आलो तेव्हा तुम्ही डोळे मिटून पडला होतात.

सभेनंतर तुमच्या सुनेनं मला तुमच्या चष्म्याचं घर दिलं, आठवण म्हणून. आत एक किल्ली होती. त्या हिरव्या कपाटाची. दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे हे मला कधीच ठाऊक नव्हतं. म्हणजे तुम्ही कपाट उघडून एखादी कॅसेट लावून बघितली होतीत, होय ना? रागवायचं होतंत की हो! चारचौघांत दोन थोबाडीत ठेवून द्यायच्या होत्यात. पण नाही. आयुष्यभर कुणाच्या तोंडून काही ओढून काढलं नाहीत, माझ्याही नाही. फक्त जागा करून दिलीत आणि मी ती ओलांडून रस प्यायला गेलो.

आता नरसम्माकडे येतो.

ती ओट्यावर बसली आणि मला समजावायला लागली. "सूत बी भिजतंय की. भिजलं म्हून कुणी टाकून देतंय व्हय? सावलीत वाळवायचं, उनात टाकलं की रंग उडतो. गच्चीवर दोरी बांधते. तू सगळ्यांच्या आण, नुसती माझीच नको."

मग म्हणाली, "त्या रात्री मी लेकीच्या बाळंतपणाला गेल्ते. मला बघायलाच मिळालं न्हाई. सगळी पेठ सांगते, यल्लप्पा तुझ्याबद्दल लई बोलला. त्याला विचारलं तर नुसता हसायचा. काय बोलला रे?"

काय बोलला! पाऊण तास तो बायकोबद्दल बोलला आणि मी फोकस बघत होतो. मला त्यातलं एक वाक्य धड आठवत नाही. "शोधतो," एवढं बोललो. ती टॉवेल आणि दोरी माझ्याकडे ठेवूनच गेली.

दुपारी मी कपाट उघडलं. 'यल्लप्पा रंगारी' लिहिलेली कॅसेट काढली, जुना कॅमेरा झाडून पुसून त्यात घातली. लग्न. वरात, अक्षता, मुलीच्या मामाचं नाक पुसणं, पंगत. मी शिक्षा म्हणून शेवटपर्यंत बघत राहिलो. पंगत संपली, पडद्यावर मुंग्या आल्या, आणि एकदम तुम्ही!

नवरीकडच्यांनी जेवणं लवकर उरकली होती, म्हणून तेवढा तुकडा राहिला. मिनिटभराचाही नाही. माझं त्यात काही पुण्य नाही.

तुम्ही म्हणता, "मग?" यल्लप्पा आपल्या हातांकडे बघतो. बराच वेळ बघतो. मग म्हणतो, "मग काय अप्पा. तिला निळा रंग आवडत न्हाई. एवढी वर्सं झाली, एकदा बी बोलली न्हाई. रोज ह्याच हातांवर तेल चोळती." तुम्ही कॅमेऱ्याकडे वळून हळूच म्हणता, "बसू, बंद कर. घरी जाऊ दे त्याला."

अप्पा, मी फरशीवर बसून रडलो.

पहिला विचार काय आला, सांगू? हा तुकडा घेऊन धावत नरसम्माकडे जावं आणि म्हणावं, बघा, एवढा वाचला पाण्यातून! इतका मी निर्लज्ज आहे. ती मला आशीर्वाद देईल, पेठेत माझं नाव करेल, आणि लग्नांखाली गाडलेली बाकीची सगळी माणसं तशीच राहतील.

म्हणून तुम्हाला शब्द देतो. उद्या सकाळी तिचे टॉवेल आणि दोरी परत घेऊन जाईन. कॅसेट खिशात ठेवीन, पण आधी खरं सांगेन. पाणी नव्हतं, मी होतो, असं. तिला मी नको असेन तर मला हाकलून देईल, तरी कॅसेट तिच्या हातात ठेवूनच निघेन. नंतर त्या सभेला आलेल्यांचं एकेक दार गाठीन. ज्यांची माणसं मी पुसली, त्यांना तोंड दाखवीन.

आणि सगळं सांगून झाल्यावर नरसम्मा गप्प झाली, नुसती माझ्याकडे बघत राहिली, तर मी बसून राहीन. कसलंही औषध आणायला उठणार नाही.

तुमचा,
बसू