आभारांतलं माझं नाव

ती. मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला असेलच. मी ठीक आहे, म्हणजे धडधाकट आहे, बाकी विचारू नका.

गेली चार वर्षं मी प्रयोगशाळेत काय उकरत होते, ते तुम्ही दर वेळी विचारता, म्हणून सांगते. विषाणू पेशीत शिरला की पेशी धोक्याचा इशारा देणारं एक प्रथिन बनवते. मला दिसलं की विषाणूच्या आरएनएचा एक इवलासा तुकडा ते प्रथिन बनवायच्या संदेशालाच जाऊन चिकटतो. संदेश वाचलाच जात नाही, इशारा होत नाही, पेशी आपली गपगार. त्या तुकड्यातली दोन अक्षरं मी बदलली (तेवढ्यासाठी सात महिने गेले) आणि प्रथिन पुन्हा बनू लागलं! मी धावत सरांकडे गेले. सर म्हणाले, “तुझी पिपेट गळत असेल.” मी प्रयोग अकरा वेळा केला. अकरा वेळा तेच उत्तर. सर अकरा वेळा हसले.

मग एकदा बाहेरचे कुणी मोठे शास्त्रज्ञ आले, त्यांनी माझा तक्ता पाहून भुवया उंचावल्या, आणि सरांचं हसू थांबलं. गेल्या सोमवारी शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव सरांच्या जावयाचं (यांनी आजवर प्रयोगशाळेत एकच गोष्ट केली आहे, सेंट्रिफ्यूज यंत्राचं झाकण मोडलं), शेवटचं सरांचं. मी शेवटच्या पानावर, आभारांत, वातानुकूलन दुरुस्त करणाऱ्यांच्या खाली. तेही आडनाव चुकवून.

मी विचारलं, “सर, माझं नाव?”

“अगं, आहे की आभारांत! आभार मनापासून मानतात, लेखकांची नावं काय, रीत म्हणून घालतात.”

मामा, राजीनामा टेबलावर आपटला आणि तडक बाहेर पडले.

तुमची,
भाची

ता. क. राजीनामा अजून पर्समध्येच आहे. आपटलं ते दार, तेही जिन्याचं, आजूबाजूला कुणी नाही असं बघून. उद्या आठला कामावर जायचंय.

ता. क. आणखी एक. आईने निबंधाचं पहिलं पान चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलंय. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पहिलं नाव माझंच, असं मी सांगून बसलेय. रविवारी तुम्ही तिकडे जाणार आहात. ती वाचून दाखवायला सांगेल. तेवढं माझं नाव मोठ्यांदा वाचाल ना?