वरखाली की बाजूबाजूला

४ फेब्रुवारी, बंगळूर

तर चूक पुन्हा माझीच! नवलभाऊचं नेहमीचंच आहे हे. वस्तू बिघडली की प्रेमराजने दिली म्हणून बिघडली. दिवाळीत धरणगावला गेलो तेव्हा मी स्वतः त्याच्या क्रूझरमध्ये एचयूडी बसवून आलो. डॅशबोर्डवर छोटी डबी, तिच्यातून वेगाचा आकडा समोरच्या काचेवर उमटतो. खाली बघायला नको, नजर रस्त्यावरच. इथे मोठमोठ्या गाड्यांचे मालक हेच मिरवतात. आणि हा आज म्हणे, "प्रेम्या, आकडा दोन-दोन दिखस. काढी टाकू का?"

एवढे दिवस धुळे-जळगाव सीटा भरून नेल्या, कॅमेऱ्याचा एक दंड आला नाही — ते नाही बोलला.

काढायचा नाही, म्हटलं.

९ फेब्रुवारी

आमच्या गाडीच्या काचांच्या दुकानात रोज हीच तक्रार. काचेला दोन अंगं असतात, आतलं आणि बाहेरचं. दोन्हीवरून आकडा परत येतो, म्हणून दोन दिसतात. आतून फिल्म चिकटवली की एकच उरतो. मी आठवी नापास, पण हे झोपेतून उठवलं तरी सांगेन.

भाऊची फिल्म मीच लावली होती. रूपावहिनी अमावस्येला गाडीबरोबर डबीलाही हळदकुंकू लावते. तेच बोट काचेला पुसलं असणार. तसं सुनावलं त्याला. तो म्हणाला, तसं नाही रे, दोन्ही शेजारीशेजारी बसलेत, जोडीने. मी पुढचं ऐकलं नाही. समोर गिऱ्हाईक उभं होतं.

१० फेब्रुवारी

नवी फिल्म कुरियरने धाडली.

१७ फेब्रुवारी

लावली म्हणे. तरी दोनच! वरून डोकंही दुखतं म्हणतो. माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "दोन दिसतात ना? मग दोघांच्या मधून बघ. रस्ता तिथंच आहे."

हसला. म्हणाला, तू म्हनस ते ठीक शे.

फोन ठेवल्यावर वाटलं, मोठा भाऊ आहे, जास्त बोललो. मग कामाला लागलो.

२३ फेब्रुवारी

जहांगीरभाई भडगावचे. मला या दुकानात त्यांनीच आणलं, काचेच्या कामात वीस वर्षं. आज डबा खाताना त्यांना भाऊची गंमत सांगितली. त्यांचा घास हातातच राहिला.

"वरखाली का बाजूबाजूले?"

मला कळेना. मग म्हणाले, पुढची काच तिरपी असते. दोष काचेचा असला तर दुसरा आकडा वर दिसेल नाहीतर खाली. बाजूला कधीच नाही. "एक डोया झाकीसन देख म्हन त्याले. मंग एकच दिखना, ते खराबी डोयानी शे."

शेजारीशेजारी. जोडीने. भाऊने सांगितलं होतं मला.

तिथूनच फोन लावला. चारदा. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही — ही सवय मीच लावली त्याला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वहिनीचा फोन आला. भाऊ दुपारी धुळ्याहून वऱ्हाड घेऊन नशिराबादला चालला होता. गावाच्या अलीकडे सायकलवाला मध्ये आला. झिपरूनाना नावाचे म्हातारे, शेतातून घरी निघालेले. जागेवरच गेले.

वऱ्हाडात कुणाला खरचटलंही नाही. भाऊ पोलीस ठाण्यात आहे.

२५ फेब्रुवारी

जामीन झाला. भाऊ फोनवर आला. रडला नाही. म्हणाला,

"दोन सायकली दिखन्यात माले. मधून गाडी काढी."

२८ फेब्रुवारी

जळगावच्या डॉक्टरने सांगितलं, साखर खूप वाढलेली. कधी तपासलीच नव्हती. त्यामुळे डोळ्याची एक नस लुळी पडली. नुसता आकडा नाही, सगळंच दोन दिसत होतं — रस्ता, ट्रक, ताटातली भाकरी. डोळ्याचं नाव काढलं असतं तर गाडी दाराशी उभी राहिली असती. म्हणून आकड्याचं निमित्त करून मला विचारत होता. घरात काचेतलं कळणारा मीच ना!

नस बहुतेक तीन-चार महिन्यांत आपोआप सुधारते म्हणे. तोवर एका डोळ्यावर पट्टी. आणि गाडी चालवायची नाही. बस, एवढंच करायचं होतं.

२ मार्च

वहिनी म्हणाली, भाऊ येईल त्याला सांगत सुटलाय, आमच्या प्रेम्याची काही चूक नाही. जन्मात पहिल्यांदा!

डबी काढून कोनाड्यात ठेवलीय म्हणे.

५ मार्च

आज एक गिऱ्हाईक आलं, आकडा दोन दिसतो म्हणून. मी आधी त्याला एक डोळा झाकायला लावला. मालक ओरडला — फिल्म विक, डॉक्टरकी नको. त्या माणसाला वरखाली दिसत होतं. फिल्म लावली. बुडबुडा राहिला. काढून पुन्हा लावली.

वहिनीने वकिलासाठी पैसे मागितलेत. साठवलेले आहेत. होय म्हटलं.

७ मार्च

झिपरूनानांच्या घरी आता त्यांच्या पत्नी बेबाबाई एकट्याच. मूलबाळ नाही. जहांगीरभाईंचे पाहुणे नशिराबादला आहेत, त्यांच्याकडून बाईंचा खातेनंबर मिळाला. वहिनीला काय सांगायचं ते सुचलेलं नाही. पैसे पाठवताना मोबाइल विचारतो, कशासाठी? ती जागा रिकामी सोडली.

साठवलेले सगळे. एकतीस हजार पाचशे.