लारिबाच्या हातावरचा चट्टा

सावेलुगू,
१४ जानेवारी १९९४

प्रिय सुमानी,

तुला, वहिनीला आणि पोरांना ताईचा सलाम. अल्ला तुम्हाला सुखात ठेवो. इथे हरमॅटनच्या वाऱ्यानं यंदा कहर केलाय. धुळीत सूर्य दिसत नाही, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. माझ्या शियाच्या बियांच्या लोण्यासाठी बायका दारात बसून असतात. मी दिवसभर घमेल्यात हात घालून वाटलेल्या बियांचा लगदा घुसळतेय.

या वेळचं अक्षर तुझ्या लारिबाचं नाही, हे तू ओळखलं असशीलच. शेजारची फुसेना लिहितेय. लारिबा जरा कामात आहे.

नाही रे, कामात नाही. तिला पेन धरता येत नाही.

तिच्या उजव्या हातावर कोरडा, फिकट चट्टा होता, आठवतो? गेल्या ईदला तू म्हणालास, "ताई, दवाखान्यात दाखवू या." मी सगळ्यांदेखत तुला हसले. "शहरात राहून अक्कल विकलीस का? गावाची कातडी मऊ करते मी, माझ्या भाचीची होणार नाही?" तू गप्प बसलास. थोरल्या बहिणीपुढे तू नेहमीच गप्प बसतोस.

मग मी रोज चोळत राहिले. कधी कोमट लोणी, कधी त्यात कडुनिंबाचा पाला. कातडी मऊ व्हायची, चट्टा मात्र पसरत गेला. एकदा पोरीनं चुलीवरचं भांडं उघड्या हातानं उचललं. कातडी करपल्याचा वास मला आला, तिला काही कळलंच नाही. उलट हसून म्हणाली, "आत्या, तुझं लोणी भारीच! चटकासुद्धा बसत नाही."

मी म्हटलं, "हे कुणाला सांगू नकोस."

फुसेनानं लिहिणं थांबवलंय, माझ्याकडे बघतेय. लिही म्हटलं तिला.

सुमानी, मला माहीत होतं. अझाराकाकूला गावाबाहेरच्या झोपडीत ठेवलं तेव्हा तू पाळण्यात होतास. मी सात वर्षांची होते, तिचं जेवण दूर ठेवून पळत यायचे. तिलाही असाच चट्टा होता. तिलाही चटका कळायचा नाही. लारिबाची सोयरीक पक्की करायला मुलाकडून कोलानट येणार होते, तेवढं होऊन जाऊ दे म्हटलं. आणि माझ्या लोण्यानं गुण येत नाही, हे कुठल्या तोंडानं बोलू?

करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं, तेव्हा कुठे तिला तामालेच्या दवाखान्यात नेलं. नर्स म्हणाली, "कुष्ठरोग. गोळ्यांनी बरा होतो, पूर्ण बरा होतो. पण वळलेली बोटं आम्ही सरळ करू शकत नाही. लवकर का नाही आणलंत?"

लारिबानं माझ्याकडे पाहिलं. "आत्या, तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली. भावाची लेक आत्यानं वाढवायची, या आपल्या दाग्बोन रीतीनं तू तिला पाच वर्षांची असताना माझ्या ओटीत घातलंस. तेव्हापासून ती मला कधी उलट शब्द बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. तेव्हापासून बोलतच नाही.

सोयरीक मोडली. नर्सनं सांगितलंय, हात रोज पाण्यात भिजवून तेलकट ठेवा, नाहीतर जखमा होतील. मी वाटी घेऊन गेले तर ती हात पाठीमागे घेते. बाजारातून दुसऱ्या बाईचं लोणी आणते आणि डाव्या हातानं स्वतःच लावते.

तू ये आणि तिला घेऊन जा. गोळ्या तिकडेही मिळतात, मी विचारलंय. माझं तोंड पाहायचं नसेल तर वेशीवरूनच हाक मार, ती गाठोडं बांधून बसली आहे.

माफी मागत नाही. तू देशीलही, म्हणूनच मागत नाही.

जिच्या हाती लेक सोपवलीस ती,
सनातू